मारुतीला शेंदूर, मोटारीला गेरू

देवळातल्या मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साईड. तोच शेंदूर जवसाच्या तेलात खलवला की एकेकाळचा जगातला अव्वल गंजरोधक प्रायमर तयार होतो. जहाजं, पूल, रेल्वेचे डबे, सगळ्यांना पहिला हात याचाच. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचं पोलाद असंच लालशेंदरी अस्तर लावून आलं. आयर्विंग मोरो या वास्तुविशारदाला ते रूप इतकं भावलं की १९३७ मध्ये खुला झालेला तो पूल आजही शेंदरीच्या घरातलाच रंग मिरवतो.

म्हणजे डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या दारात उभी राहिली, तेव्हा कुणी तिच्या पोटाला खराखुरा शेंदूर फासला असता तर ते धर्मशास्त्र आणि रसायनशास्त्र दोन्हींना धरून झालं असतं. पण शिसं विषारी. आयफेल टॉवरच्या जुन्या थरांतलं शिसं डोकं वर काढू लागलं म्हणून २०२१ मध्ये तिथलं रंगकाम थांबवावं लागलं होतं. तेव्हा शेंदूर देवळात राहिला आणि गॅरेजच्या फळीवर रेड ऑक्साईडचा डबा आला.

आता हे रेड ऑक्साईड म्हणजे काय? गेरू. कुंडीला, तुळशीवृंदावनाला लावतात तो, वारली चित्राच्या मागे भिंतीवर असतो तो. आणि गेरू म्हणजे लोखंडाचं ऑक्साईड, थोडक्यात गंजाचा सख्खा भाऊ. गंज येऊ नये म्हणून आपण गाडीला गंज फासतो आणि वर त्याचे पैसे मोजतो! यात चलाखी अशी की ती लाल पूड आधीच पुरती गंजलेली असते, तिला आणखी गंजायला वावच उरत नाही. खरी झुंज देतं ते तिच्यात मिसळलेलं झिंक क्रोमेट किंवा झिंक फॉस्फेट. क्रोमेट कर्करोगाला निमंत्रण देतं, त्यामुळे डबा घेताना फॉस्फेटवाला मागितलेला बरा.

काळं फासलेली गाडी

जुनी गाडी घेताना माणूस टायर बघतो, एसी लावून बघतो, काच वरखाली करतो. मीही तेच केलं. खाली वाकून पाहिलं तर सगळं कसं काळंकुळकुळीत, कालच कारखान्यातून आल्यासारखं. ‘‘साहेब, परवाच अंडरकोटिंग मारून घेतलंय,’’ विकणारा म्हणाला. गाडी समुद्रकाठच्या गावची होती, हे मला कळलं होतं आणि तरीही काही कळलं नव्हतं. पहिला पावसाळा संपल्यावर आमच्या मिस्त्रीने त्या काळ्या मखमलीवर स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला. मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘भाऊ, पत्रा नाही हा. पापड आहे.’’

तसाही तो पत्रा किती जाड असतो? बहुतेक मोटारींच्या अंगाचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर. तुमच्या पाकिटातलं एटीएम कार्ड ०.७६ मिलिमीटर. आपण कुटुंबकबिल्यासह एटीएम कार्डावर बसून खंडाळ्याचा घाट चढतो, असं म्हटलं तर फार खोटं नाही. (खालच्या आडव्या पट्ट्या, क्रॉस मेंबर, सस्पेन्शनचे आर्म हे जाड असतात, म्हणून आपण जिवंत आहोत.)

अंडरकोटिंग बहुधा डांबर किंवा रबर मिसळलेलं असतं. कोऱ्या, सुक्या पत्र्यावर मारलं तर उत्तम कवच. गंजावर मारलं तर गंजाला छत्री. आतली ओल बाहेर जाऊ शकत नाही, बाहेरून काही दिसत नाही, आणि गंज आत निवांत संसार करतो. लोखंड गंजलं की फुगतंही. मूळ धातूच्या दुपटीहून जास्त, कधी सहापटीपर्यंत जागा घेतं. मुंबईतल्या जुन्या चाळीच्या गॅलरीचं प्लास्टर ज्या कारणाने ढलपे होऊन पडतं त्याच कारणाने गाडीखालचं डांबर फुगे धरतं: आतली सळई किंवा पत्रा अंग फुलवतो.

मिठात तांदळाचे दाणे

पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं म्हणून आजी त्यात चार तांदूळ टाकायची. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. गाडीच्या पोटाला चिकटलेलं मीठही तेच करतं. फक्त तिथे तांदूळ टाकायला आजी नसते. त्यामुळे अलिबाग-मालवणकडची गाडी जुलैत नुसती पडवीत उभी असली तरी खालून ओली. पाऊस लागायलाच हवा असं नाही.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. त्यात मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते मिठाहून जास्त तहानलेले, बऱ्यापैकी कोरड्या हवेतही ओल धरून ठेवणारे. म्हणून पुळणीवर गाडी घालून रील काढणाऱ्या मंडळींना एक विनंती. भरती येऊन गाडी रुतली, बैल किंवा ट्रॅक्टर लावून ओढली, पेपरात फोटो छापून आला, इथवर गोष्ट फक्त लाजेची आहे. खरी शिक्षा पुढच्या दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने येते. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेणं कायद्यानेच मना आहे. त्या कायद्यामागे कासवं आणि माणसं आहेत, पण गाडीचं पोटही दुवा देत असेल.

शिकागो-टोरांटोकडची आपली मंडळी हसतील. तिकडे समुद्र दूर, पण हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावरच मीठ ओततात, एकट्या अमेरिकेत वर्षाला सुमारे दोन कोटी टन. आपण वसई-उरणच्या मिठागरांशेजारून गाडी चालवतो, ते मिठागरातून चालवतात.

आणखी एक उलटं शास्त्र. गंज उघड्या जागी जास्त चढेल असं वाटतं ना? होतं उलट. ओल्या चिखलाचा गोळा चाकाच्या कमानीत बसला की त्याच्याखाली प्राणवायू कमी पोचतो, आणि नेमका तिथला पत्रा झिजतो. कडेला, जिथे हवा खेळते, तिथला तगून राहतो. केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी मिठाच्या पाण्याचा एक थेंब लोखंडावर ठेवून हे दाखवलं होतं. तेव्हा पावसाळ्यात गाडीचं बॉनेट रोज पुसणारे आणि मडगार्डच्या आतला चिखल वर्षभर सांभाळणारे जे काका प्रत्येक सोसायटीत असतात, त्यांना हा थेंब दाखवायला हवा.

पेट्रोल भरा, पाणी मिळवा

पेट्रोलमधला हायड्रोजन जळला की त्याचं पाणी होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की सायलेन्सरमधून जवळपास एक लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. सीएनजीचं तर विचारूच नका: एक किलो वायूमागे सव्वादोन किलो पाणी. मुंबईतल्या रिक्षा म्हणजे चालत्याबोलत्या बंबच.

गाडी लांब पळाली की सायलेन्सर तापतो, वाफ निघून जाते. कोपऱ्यावरून दूध आणायला काढली तर सायलेन्सर तापायच्या आत आपण परत, आणि पाणी आतच. म्हणून सायलेन्सर आतून बाहेर गंजतो. वरून कितीही रंगवा, तो आतून पोखरत येतो. पुण्यातल्या पेठेत राहणाऱ्याची गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटर चालते, तरी सायलेन्सर आधी जातो. त्याचं इंगित हे.

तरी रंगवायचाच असेल तर साधा ऑईलपेंट नको, तो पहिल्याच फेरीत करपतो. सिलिकॉनवर बेतलेला, पाचसहाशे अंश सोसणारा रंग मिळतो. तो वाळतो हवेने पण पक्का होतो सायलेन्सरच्याच तापाने. पहिल्यांदा गाडी तापवली की थोडा धूर निघतो. शेजारी धावत येतात. येऊ द्यावेत.

अंग चोळून आंघोळ

आता खऱ्या कामाला लागू. रंगाच्या कामात रंग मारणं हा सगळ्यात छोटा भाग आहे. ‘लगीनघाई’ म्हणतात तशी इथे ‘रंगघाई’ असते: डबा उघडलेला असतो, ब्रश हातात असतो आणि माणूस खरवडायला कंटाळतो.

आधी खालून जोरदार पाण्याने धुणं, मग पूर्ण सुकवणं. नुसतं वरवर नाही, सांध्यांत आणि पोकळ पट्ट्यांतही. पूर्वी सर्व्हिस स्टेशनात ‘डिझेल वॉश’ म्हणून डिझेल फवारायचे. चकाकी यायची, पण डिझेल रबरी बूश आणि नळ्यांना फुगवतं आणि त्याच्या तेलकटपणावर रंग बसत नाही. ट्रॉली-ट्रॅक्टरला ‘जळकं ऑईल’ मारायची गावाकडची पद्धतही तशीच. गंज थोडा थांबतो, पण ते जमिनीत मुरतं, विहिरीपर्यंत जातं, आणि त्यावर धुळीची पुरणपोळी होते.

मग तारेचा ब्रश, खरवडणी, ८० नंबरचा पॉलिश पेपर. सुटलेला सगळा गंज निघाला पाहिजे. घट्ट धरलेला तपकिरी थर राहिला तर चालतो, त्याची पुढे सोय आहे. हे काम कुठवर करायचं याचंही मोजमाप आहे बरं! पोलाद रंगवण्याआधी किती गंजलंय आणि किती साफ झालंय हे ठरवायला आयएसओ ८५०१-१ नावाचं मानक आहे, आणि ते चक्क फोटोंचं पुस्तक आहे. गंजाला ए, बी, सी, डी अशा श्रेण्या. माझ्या गाडीला डी मिळाला असता. म्हणजे पास, पण घरी दाखवण्यासारखा नाही.

मोठ्या कामाला सँडब्लास्टिंग. अमेरिकेतल्या बेंजामिन टिल्घमनने १८७० मध्ये याचं पेटंट घेतलं. वाऱ्याने उडालेली वाळू काच धूसर करते, तेच वाळू हवेच्या दाबाने फेकून करायचं. पण साध्या वाळूची धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, तेव्हा हे घरच्या अंगणात करण्याचं काम नव्हे. आणि मोटारीच्या पातळ पत्र्यावर जास्त जोर लावला तर पत्रा वाकतो किंवा पलीकडचं जग दिसतं.

एक गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही. पक्के स्टँड, चाकांना दगड, हँडब्रेक. आणि ग्राइंडरच्या ठिणग्या पेट्रोलच्या टाकीजवळ नकोत. बाकी विनोद नंतर.

लोखंडी कढईतली मेंदी

केसांना लावायची मेंदी आई लोखंडी कढईत का भिजवायची? आवळा पूड, चहाचं पाणी, आणि रात्रभर कढई. सकाळी सगळं काळंभोर. आवळ्यात, चहात टॅनिन असतं. ते कढईतल्या लोखंडाशी जुळलं की निळसर काळं आयर्न टॅनेट तयार होतं. केळफूल सोलल्यावर लोखंडी विळी काळी पडते तेव्हाही असंच काहीसं घडतं. युरोपात शतकानुशतकं लिहिलेली शाई हीच, ओकच्या झाडावरच्या गाठी आणि लोखंडाचा क्षार. आपल्याकडे त्या गाठींची जागा हिरड्याने घेतली. जुन्नर-भीमाशंकरच्या डोंगरातला हिरडा गोळा करून विकणारी घरं आजही आहेत.

आता बाजारात ‘रस्ट कन्व्हर्टर’ नावाची बाटली मिळते. पांढरट द्रव, ब्रशने गंजावर लावायचा, थोड्या वेळाने तपकिरी गंज काळानिळा होतो. लोक म्हणतात, ‘‘केमिकल आहे हो काहीतरी!’’ बाटलीत मुख्यतः टॅनिक आम्ल असतं, म्हणजे कढईतली मेंदी, फक्त इंग्रजी लेबल लावलेली. गंजाचं टॅनेट होतं, ते पाण्यात विरघळत नाही आणि वर रंग धरून ठेवतं.

दुसरी जात फॉस्फोरिक आम्लाची. ती गंजाचं आयर्न फॉस्फेट करते. हेच आम्ल कोला पेयांत असतं, म्हणून गंजलेला नट रात्रभर कोलात ठेवण्याचा प्रयोग शाळेतली पोरं करतात आणि तो बऱ्यापैकी यशस्वी होतो.

पण फॉस्फेटचा खरा पराक्रम बघायचा तर दिल्लीला मेहरौलीला जावं. कुतुबमिनारशेजारचा लोहस्तंभ, सुमारे सात मीटर उंच, सहा टनांहून जड, गुप्तकाळातला, साधारण सोळाशे वर्षं उघड्यावर उभा. गंज नावापुरता. आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचं गुपित तपासलं: त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे. कोळशाच्या भट्टीत चुनखडी न घालता काढलेलं लोखंड, म्हणून फॉस्फरस मळीबरोबर बाहेर गेला नाही. वर्षानुवर्षं ओला-सुका होता होता स्तंभावर फॉस्फेटचा पातळ, घट्ट पापुद्रा बसला आणि त्याने गंजाची वाट अडवली. आपण बाटलीतून ब्रशने जे मारतो ते त्याच पापुद्र्याचं घाईचं, गरिबाघरचं रूप. सोळाशे वर्षं टिकेल असं नाही. पुढचा पावसाळा निघाला तरी पुष्कळ.

एक चूक सर्रास होते. स्वच्छ, चकचकीत पत्र्यावर कन्व्हर्टर मारतात आणि ‘काळं होत नाही, माल डुप्लिकेट आहे’ म्हणून दुकानदाराशी भांडतात. काळं व्हायला गंज लागतो! जिथे गंजच नाही तिथे टॅनिन कुणाशी लग्न लावणार?

कोल्हापूरची मळी आणि मातीच्या माठातला काळा

सुटा होणारा भाग असेल, एखादा ब्रॅकेट, बॅटरीची पट्टी, स्प्रिंगची वाटी, तर ब्रशही नको. जुन्या गाड्या जपणारे लोक परदेशात मोलॅसिस वापरतात: एक भाग मळी, नऊ भाग पाणी, आणि पंधरवडाभर सबुरी. मळीतले सेंद्रिय रेणू लोखंडाच्या ऑक्साईडला धरून पाण्यात ओढतात, खालचा धातू शाबूत राहतो. फेस येतो, घरभर साखर कारखान्याच्या दारासारखा वास सुटतो आणि बायको माहेरी जायची भाषा करते. पण भाग निघतो लख्ख.

ऊस ज्याच्या अंगणात त्याला हे परदेशी लोकांनी शिकवावं, याची थोडी लाज वाटली. मग लक्षात आलं, आपल्याच देशात याहून जुनी गोष्ट आहे. आंध्रच्या कलमकारीतला काळा रंग लोखंडाचे गंजके तुकडे गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस आंबवून करतात. कापड आधी हिरड्यात भिजवलेलं असतं. गुळाने गंज विरघळवला, हिरड्याने त्याचा काळा केला: म्हणजे गॅरेजमधल्या दोन्ही बाटल्या एकाच माठात!

घाई असेल त्याला धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर. सोड्याच्या पाण्यात भाग बुडवून त्याला चार्जरची ऋण तार, बाजूला टाकाऊ लोखंडाच्या पट्टीला धन तार. बुडबुडे निघतात तो हायड्रोजन, म्हणून उघड्यावर आणि बिडीपासून लांब. पट्टी म्हणून स्टीलचं ताट मात्र चुकूनही नको. स्टेनलेसमधला क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतो.

तवा हाच पहिला रंगारी

नवा लोखंडी तवा आपण तेल लावून तापवून ‘मुरवतो’. तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट, चिवट पापुद्रा होतं आणि तवा गंजत नाही. ऑईलपेंटमधलं जवसाचं तेल हेच करतं. रंग ‘वाळतो’ असं आपण म्हणतो, पण तेलरंगाचं पाणी उडत नसतं, तो प्राणवायू पिऊन जून होत असतो. म्हणून दोन हातांमध्ये वेळ द्यायचा. घाईत दुसरा हात मारला की वरचा सुकतो, खालचा ओला राहतो, आणि सुरकुत्या पडतात.

कारखान्यात नव्या गाडीचा सांगाडा आधी झिंक फॉस्फेटच्या पाण्यात आणि मग विजेच्या साहाय्याने रंगाच्या हौदात बुडवतात, आख्खाच्या आख्खा, गणपती विसर्जनासारखा. वीज रंगाचे कण खेचून पोकळ कोपऱ्यांतही नेते. हा थर वीसेक मायक्रॉनचा, माणसाच्या केसापेक्षा बारीक. आपल्या रस्त्यांवरचे स्पीडब्रेकर, खडी आणि एखादा चुकलेला दगड हा थर खरवडून काढतात आणि तिथून गंजाची सुरुवात होते. म्हणून पूर्ण पोट रंगवण्याआधी नुसते ओरखडे शोधून वेळीच बंद केले तरी अर्धी लढाई झाली.

घरचा क्रम असा: कन्व्हर्टर पूर्ण सुकला की प्रायमर, मग वरचा रंग. शक्य तर एपॉक्सी. आणि प्रायमरवर थांबायचं नाही. ‘‘गेटला रेड ऑक्साईड मारून ठेवलाय, रंग गणपतीत देऊ,’’ म्हणणाऱ्यांची गेटं गावोगावी बघा. गणपती येतात आणि जातात, गेट तांबूस तपकिरी होत जातं, आणि रंग कुठला अन् गंज कुठला ते मालकालाही सांगता येत नाही. प्रायमर सच्छिद्र असतो, पाणी पितो. त्याला वरून झाकण लागतंच.

काय रंगवायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. ब्रेकची डिस्क, रबरी बूश आणि होज, नटबोल्टचे आटे, सायलेन्सरवरचा सेन्सर. दारांच्या आणि सिलच्या खाली बारीक भोकं असतात ती बुजवली तर पाणी आत साचतं आणि वळणावर गाडीतून ‘चळक चळक’ असा माठाचा आवाज येतो. गंजलेल्या ब्रेक पाईपला तर खरवडून रंग देण्याचा विचारही नको, तो बदलायचाच. आणि चेसिस नंबर! तो १७ अक्षर-आकड्यांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी घोळ घालतात. जीप-ट्रकसारख्या गाड्यांत तो चेसिसच्या पट्टीवरच कोरलेला. उत्साहाच्या भरात त्यावरून ग्राइंडर फिरला तर गंजाच्या आधी पोलीस भेटतील.

जस्ताचा भाऊपणा

जस्त लोखंडापेक्षा लवकर झिजतं, आणि त्याच्याशी जोडलेलं असलं तर लोखंडाच्या वाट्याची झीज स्वतःवर घेतं. पत्र्यावर जस्त चढवण्याच्या ‘गॅल्व्हनायझिंग’चं फ्रेंच पेटंट १८३७ चं, स्टॅनिस्लास सोरेलचं. त्याआधी १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचा तांब्याचा पत्रा असाच जस्त आणि लोखंडाच्या ठोकळ्यांनी वाचवला. तांबं वाचलं खरं, पण झिजताना सुटणारं जे तांबं शिंपल्यांना मारत होतं तेही थांबलं. जहाजांच्या पोटाला शिंपल्यांची दाढी आली, वेग कमी झाला, आणि आरमाराने योजना गुंडाळली. उपाय बरोबर, परिणाम भलताच. सरकारी कामाचा हा नमुना आपल्याला अनोळखी नाही.

गाडीला जस्त हवंच असेल तर जस्ताचा भरपूर चुरा असलेला प्रायमर घ्या आणि तो थेट साफ पत्र्यावर मारा. कन्व्हर्टरच्या थरावर मारला तर जस्त आणि लोखंड भेटतच नाहीत. जहाजासारखे जस्ताचे ठोकळे गाडीखाली बांधून काही होत नाही. जहाज सतत पाण्यात असतं, गाडी हवेत. दोघांना जोडणारं पाणीच नाही.

मिरवणारे

गंजणारच नाही अशी गाडी? जॉन डीलोरियनने १९८१ मध्ये स्टेनलेस स्टीलच्या अंगाची गाडी आणली, सिनेमात गाजली. वरून आजही लखलखते. पण खालची फ्रेम साध्या पोलादाची, एपॉक्सीचा थर दिलेली. थर तडकला की आत गंज. आज त्या गाड्यांचे मालक चकचकीत अंगाखाली आडवे पडून तेच करतात जे मी करतो.

१९४८ मध्ये आलेल्या लँड रोव्हरचं अंग ॲल्युमिनियमचं होतं, कारण महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाचा तुटवडा होता. चेसिस मात्र पोलादी, आणि ती गंजण्यात पटाईत. त्याच वर्षी १ जूनला पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली. तिचं अंग लाकडी, छत कापडी. गंजायला वर फारसं काही नव्हतंच!

पण मला सगळ्यात आवडते ती मांडवी नदीवरची खनिजाची बार्ज. गोव्याचं लोहखनिज म्हणजे हेमेटाईट आणि गोथाईट, लोखंडाचे ऑक्साईड आणि हायड्रॉक्साईड. गंजातही हीच मंडळी सापडतात. म्हणजे त्या बार्जच्या आत गंज, बाहेर गंज आणि मध्ये बिचारा पत्रा. यातल्या गोथाईटला नाव मिळालं ते महाकवी गटेचं, १८०६ मध्ये. कालिदासाच्या शाकुंतलावर जीव टाकणारा जर्मन कवी आपल्या मडगार्डमध्ये येऊन बसला आहे, हे कळल्यापासून मी जरा आदराने खरवडतो.

(वऱ्हाडातल्या वाचकांनी गोंधळू नये. तिकडे ‘गंज’ म्हणजे पातेलं. ‘‘गंज चांगला घासून घे’’ हे वाक्य मात्र दोन्हीकडे चालतं.)

खंडेनवमीचा मुहूर्त

हे सगळं कधी करायचं? भर पावसाळ्यात नाही, ओलीवर रंग बसत नाही. मेच्या शेवटी समुद्रकाठी हवा दमट असते. उत्तम काळ पावसाने पाठ फिरवल्यावरचा, ऑक्टोबरच्या तापलेल्या उन्हाचा. वर्षभराचं मीठ-चिखल धुऊन टाकायचं, उन्हात सुकवायचं, ओरखडे बुजवायचे, पोकळ पट्ट्यांत नळी घालून मेण फवारायचं. मेण कधीच पूर्ण कडक होत नाही, सरकत सरकत भेगांत शिरतं, म्हणून आतल्या अंगाला रंगापेक्षा ते भलं. डब्ल्यूडी-४० ची निळीपिवळी बाटली मात्र या कामाला पुरी पडत नाही. तिच्या नावातला चाळीस म्हणजे पाणी हाकलणाऱ्या मिश्रणाचा चाळिसावा प्रयत्न. १९५३ मध्ये ती ॲटलस क्षेपणास्त्राच्या पातळ पोलादी कातडीसाठी केली होती. क्षेपणास्त्राला एकदाच उडायचं असतं. गाडीला रोज ऑफिसला जायचं असतं.

आणि नेमकी याच दिवसांत खंडेनवमी येते. हत्यारांची, यंत्रांची पूजा. यंदा मी पहिल्यांदाच गाडीखाली शिरून पूजेची तयारी केली. लाल गेरू, त्यावर काळा एपॉक्सी, मधेमधे मेणाचे ओघळ. वर झेंडूची माळ, बॉनेटवर हळदकुंकू. शेवटी बायकोने चारही चाकांखाली चार लिंबं ठेवली. गाडी पुढे घेतली, लिंबं फुटली. लिंबात सायट्रिक आम्ल असतं, गंज काढायला ते उत्तम. फक्त रस टायरला लागला आणि पत्रा फूटभर वर राहिला.

मिस्त्री म्हणाला, ‘‘पुढच्या वर्षी जरा जोरात घ्या, भाऊ. उडू द्या वर.’’